‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं, तरी घडलोच ना’ : त्या फॉरवर्डला माझं उत्तर

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, पालकांच्या ग्रुपवर, शिक्षकांच्या ग्रुपवर, जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर, आणि प्रत्येक ठिकाणी खाली ढीगभर अंगठे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: शाळा शिकवायला असते, पोरांच्या मनाचे लाड करायला नाही. आमच्या वेळी मार होता, चिडवाचिडवी होती, काउन्सेलर नव्हता, तरी आम्ही घडलो. पोरांची भांडणं पोरांनीच मिटवायची असतात. सारखं ‘कसं वाटतंय’ विचारून ही पिढी नाजूक करून ठेवलीय, आणि आत्महत्येसारखे विषय वर्गात काढले की नको ते डोक्यात भरतं. शिवाय या सगळ्यात अभ्यासाचा वेळ जातो, आणि मुळात हे काम आईबापांचं.

मी शाळेत शिकवते. हा मेसेज ज्यांनी मला पाठवला ती माणसं वाईट नाहीत, पोरांची काळजी आहे म्हणूनच पाठवतायत, आणि म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं, कारण उद्या हीच माणसं पालकसभेत उठून ‘हे सगळं बंद करा’ म्हणणारेत आणि शाळा त्यांचं ऐकणारेत.

तर पहिलं, ‘आम्ही घडलोच ना’.

हे कोण म्हणतंय? जे घडले ते. जो मुलगा माराच्या भीतीने शाळेकडे फिरकेनासा झाला, ज्याचं नाव एक दिवस हजेरीपटावरून कमी झालं आणि नंतर कुणी काढलंही नाही, तो वर्गमित्रांच्या ग्रुपवर नाहीये, त्याचा नंबरच कुणाकडे नाही. पास झालेल्यांनाच बोलावून विचारायचं की पेपर अवघड होता का, तसं चाललंय हे.

बरं, जे ग्रुपवर आहेत त्यांचं तरी सगळं ठीक झालं का? यावर अंदाजाने बोलायची गरज नाही, कारण त्या पिढीचाच अभ्यास झालेला आहे. ब्रिटनमध्ये १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांची माहिती संशोधक वर्षानुवर्षं घेत राहिले. ही मुलं ७ वर्षांची आणि नंतर ११ वर्षांची असताना त्यांच्या आईवडिलांना विचारलं होतं की तुमच्या मुलाला बाकीची मुलं त्रास देतात का. अशा ७,७७१ जणांची माहिती ते पन्नाशीला पोचल्यावर पुन्हा तपासली, आणि २०१४ मध्ये जे छापून आलं ते मला तरी झोप उडवणारं वाटलं: लहानपणी ज्यांचा वारंवार छळ झाला त्यांच्यात पन्नाशीच्या सुमाराला डिप्रेशन आणि अँग्झायटी जास्त, जोडीदार नसण्याचं प्रमाण जास्त, अडीअडचणीला धावून येणारी माणसं कमी. घरची परिस्थिती, मुलाची बुद्धिमत्ता, आधीपासूनचे स्वभावातले त्रास हे सगळं हिशोबात धरूनही हा फरक उरला. शाळेच्या पटांगणावर झालेल्या गोष्टीचा माग चाळीस वर्षांनंतर लागतोय. ती माणसंही कामाला जातात, लग्नाकार्याला दिसतात, कुणी विचारलं तर ‘मजेत’ म्हणतात, बाहेरून बघणाऱ्याला ती घडलेलीच वाटतात.

आता दुसरी बाजू, कारण खडतर बालपणातून खरोखर छान उभी राहिलेली माणसं असतातच, मी नाकारत नाही. हवाईतल्या काउआई नावाच्या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मुलं मोठी होऊन संसाराला लागेपर्यंत अभ्यास केला. त्यातली बरीच मुलं अशा घरांतली की गरिबी, आजारपण, दारू, भांडणं, एकावर एक सगळंच. त्यातली साधारण एक तृतीयांश मुलं व्यवस्थित, प्रेमळ, जबाबदार माणसं झाली. मेसेजवाले म्हणतात ते ‘घडलेले’ ते हेच. पण ही मुलं कशामुळे उभी राहिली ते बघितलं तर मार खाऊन कणखर झाली असं काही निघालं नाही, त्यांच्या आयुष्यात किमान एक तरी मोठं माणूस असं होतं जे त्यांना धरून राहिलं, आजी, मावशी, शेजारी, आणि पुष्कळांच्या बाबतीत शाळेतले एखादे शिक्षक. तुम्ही घडला असाल तर जरा आठवून बघा, असं कुणीतरी असणार. फी भरायला उशीर झाला तेव्हा वर्गात नाव न घेता बाजूला बोलावून विचारणाऱ्या बाई, नाहीतर नापास झाल्यावर खांद्यावर हात ठेवणारे सर. आपण मागतोय ते इतकंच, की असं माणूस नशिबावर न सोडता प्रत्येक पोराला मिळेल असं शाळेने बघावं.

माराबद्दल फार लिहीत नाही. २०१६ मध्ये घरच्या मारावरचे ७५ अभ्यास एकत्र करून बघितले गेले, मिळून दीड लाखाहून जास्त मुलं, आणि माराचा संबंध कुठल्याही चांगल्या गोष्टीशी लागला नाही, लागला तो जास्त आक्रमकपणाशी, जास्त मानसिक त्रासाशी, आईवडिलांशी बिघडलेल्या नात्याशी. बास.

‘पोरांची भांडणं पोरांनीच मिटवायची असतात.’ भांडणं, हो. दोघं सारख्या ताकदीचे, आज रागावले उद्या एका बाकावर, त्यात मोठ्यांनी पडूच नये, मी पण पडत नाही. पण छळ म्हणजे भांडण नव्हे. डॅन ओल्व्हेउस या मानसशास्त्रज्ञाने यावर आयुष्य घातलं. १९८२ च्या शेवटी उत्तर नॉर्वेमध्ये तीन मुलांनी आत्महत्या केली, सोबतच्या मुलांच्या छळामुळे असण्याची दाट शक्यता होती, देश हादरला, आणि १९८३ मध्ये सगळ्या देशभर शाळांमध्ये मोहीम सुरू झाली ती ओल्व्हेउसच्या कामावर उभी होती. त्याने तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा होणारं, आणि ज्याच्यावर होतंय त्याला स्वतःला वाचवता येत नाही इतकी ताकद असमान. तिसरी खूण नीट वाचा. ज्याला स्वतःला वाचवता येत नाही त्यालाच आपण ‘तुझं तू बघ’ सांगतोय.

आणि हे दिसत नाही हो लगेच. माझ्या वर्गात एक मुलगी होती, हुशार, वह्या नीटनेटक्या, तक्रार शून्य. मी ‘चार-चारचे गट करा’ म्हटलं की मिनिटभरात सगळे गट व्हायचे आणि ही तेवढा वेळ कंपासपेटी उघडून पेन्सिली परत लावत बसायची, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं हिला काहीतरी काम आहे. मग मी तिला कुठल्यातरी गटात टाकायचे, त्या गटातल्या मुली एकमेकींकडे बघायच्या आणि बाक दोन बोटं सरकवायच्या. शिवी नाही, धक्का नाही, वहीवर काही लिहिलेलं नाही, मुख्याध्यापकांकडे न्यावं असं काहीच नाही. तिचं पोट दुखायचं मात्र नेहमी मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला. हजेरी काढून बघितली तर गैरहजेरी प्रोजेक्टच्या दिवशी आणि सहलीच्या दिवशी. यात ‘पोरं पोरं मिटवतील’ कसं बसवणार? मिटवायला तिच्याशी कुणी बोलायला तर हवं! मी गट स्वतः पाडायला लागले, दर आठवड्याला बदलून, सगळ्याच वर्गासाठी, म्हणजे ते तिच्यासाठी केलंय असं कुणाला वाटू नये. त्या गटातल्या दोन मुलींशी वेगवेगळं बसून बोलले, रागावले नाही, फक्त मला काय दिसतंय ते सांगितलं. त्यातली एक रडलीच, तिला स्वतःला भीती होती की हिच्याशी बोललं तर पुढचा नंबर आपला. ती मग हळूहळू हिच्या शेजारी बसायला लागली. फार मोठी मैत्री वगैरे झाली नाही, पण पोटदुखी थांबली.

ती ‘पुढचा नंबर आपला’ वाली भीती फार महत्त्वाची आहे कारण छळ बहुतेक वेळा चारचौघांसमोर होतो. कॅनडात संशोधकांनी शाळेच्या मैदानावर कॅमेरे आणि मुलांच्या अंगावर छोटे माइक लावून हे टिपलं, २००१ मध्ये छापलं: १०० पैकी ८८ प्रसंगांत बाकीची मुलं हजर होती, पण मध्ये पडली फक्त १९ मध्ये. आणि जेव्हा कुणी मध्ये पडलं तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा, ५७ टक्के, छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद! मोठ्या माणसाचं व्याख्यान नाही, काही नाही, वर्गातलंच एक पोर म्हणालं ‘ए, बास कर’. फिनलंडमध्ये क्रिस्टिना साल्मिवाली यांनी याच धाग्यावर किवा नावाचा कार्यक्रम उभा केला, बघ्यांना हलवायचं, आणि २००९ पासून तो देशभर शाळांमध्ये गेला. म्हणजे पोरं मिटवू शकतात हे मेसेजमधलं अर्धं खरं आहे, पण कुणीतरी मोठ्या माणसाने ‘इथे असं चालत नाही आणि तू बोललास तर मी तुझ्या मागे आहे’ हे आधी सांगून ठेवलेलं लागतं.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा, आत्महत्येचं बोललं की डोक्यात भरतं. हा समज इतका खोल आहे की शिक्षकसुद्धा घाबरतात, स्टाफरूममध्ये आवाज खाली जातो. २००५ मध्ये मॅडेलिन गोल्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २,३४२ मुलांवर हे तपासलं, निम्म्या मुलांच्या प्रश्नावलीत आत्महत्येच्या विचारांबद्दल प्रश्न होते, निम्म्यांच्या नव्हते. विचारल्यामुळे त्रास वाढला नाही, विचारही वाढले नाहीत. उलट जी मुलं आधीच डिप्रेशनमध्ये होती किंवा ज्यांनी आधी प्रयत्न केला होता, त्यांचा त्रास प्रश्न विचारल्यावर थोडा कमीच दिसला. मला यात आश्चर्य वाटत नाही, इतके दिवस एकट्याने वाहिलेलं ओझं कुणीतरी नाव घेऊन विचारलं तर सुटल्यासारखंच वाटणार ना.

त्यापुढचं काम युरोपात झालं, दहा देश, १६८ शाळा, ११ हजारांच्या वर मुलं, साधारण पंधरा वर्षांची, २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. एका गटातल्या मुलांसोबत महिनाभरात मिळून पाचेक तास काम केलं, त्यातला मोठा भाग रोल प्ले, म्हणजे मित्र असं बोलला तर तू काय करशील, घरी असं झालं तर कुणाकडे जाशील. वर्षभराने या मुलांमध्ये आत्महत्येचे प्रयत्न आणि गंभीर विचार, दोन्ही, ज्यांच्या वर्गात फक्त माहितीची पोस्टरं लावली होती त्या गटापेक्षा निम्म्याच्या आसपास होते. त्याच अभ्यासात फक्त शिक्षकांना लक्षणं ओळखायचं ट्रेनिंग दिलेला गटही होता, आणि फक्त तपासणी करून मुलांना तज्ज्ञांकडे पाठवणारा गटही, त्या दोन्ही गटांत असा ठोस परिणाम दिसला नाही. फरक पडला तो मुलांशी थेट, मोकळेपणाने बोलल्यावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार १० ते १९ वयातल्या दर सात जणांत एकाला मानसिक आजाराचा त्रास असतो. तुमच्या मुलाच्या वर्गात किती बाकं आहेत ते मोजा.

हां, बोलायचं कसं याचे नियम आहेत, पद्धतीचे तपशील सांगायचे नाहीत, त्याला शौर्य किंवा सुटका म्हणून रंगवायचं नाही, कुठे मदत मिळते ते सांगितल्याशिवाय विषय सोडायचा नाही. पण ते ‘बोलूच नका’ पेक्षा फार वेगळं आहे.

‘सारखं कसं वाटतंय विचारून नाजूक केलं.’ इथे मेसेजवाल्यांचं थोडं ऐकायला हवं, मी मनापासून म्हणतेय. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या ८ हजारांहून जास्त मुलांवर माइंडफुलनेसच्या, म्हणजे श्वासावर आणि आत्ताच्या क्षणावर लक्ष ठेवायला शिकवणाऱ्या तासांचा मोठा प्रयोग झाला, २०२२ मध्ये निकाल आला, नेहमीच्या पद्धतीपेक्षा काही फायदा नाही. बऱ्याच मुलांनी घरी सराव केलाच नाही, कंटाळा आला. ऑस्ट्रेलियात एका थेरपीतली कौशल्यं सगळ्या वर्गाला सरसकट शिकवली तर काही बाबतीत मुलांचं थोडं बिघडलंच. आणि ल्युसी फोक्स आणि जॅक अँड्र्यूज या संशोधकांनी २०२३ मध्ये ही शंका मांडली की आजाराबद्दल सतत सांगत राहिलं तर काही मुलं साध्या, येणाऱ्या-जाणाऱ्या वाईट दिवसांनाही आजाराचं लेबल लावायला लागतात. ही शंका खोटी म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. परीक्षेच्या आधी छातीत धडधडणं म्हणजे आजार नव्हे, हे मुलांना सांगणं हाही काळजीचाच भाग आहे.

पण यातून निघतं काय? तर वर्गावर एक तयार पॅकेज ओतायचं, डोळे मिटून श्वास घ्यायला लावायचं आणि मग शाळा जशी होती तशीच चालू ठेवायची, याने काही होत नाही. ते बंद करा, माझी हरकत नाही. मन सांभाळणं म्हणजे आठवड्यातला एक तास नाहीच मुळी. उशिरा आलेल्या पोराला दारात काय ऐकावं लागतं, पेपर वाटताना मार्क मोठ्याने वाचतात का, मधल्या सुट्टीत जिन्याखाली कुणाचं लक्ष असतं, तक्रार सांगणाऱ्यालाच ‘तूच काहीतरी केलं असशील’ ऐकावं लागतं का, यात ते असतं. श्वासाचा तास घेऊन झाल्यावर दुसऱ्याच मिनिटाला ‘गाढवा, आठवीत कसा आलास’ म्हणायचं असेल तर तो तास वायाच गेला.

बिहारमधला प्रयोग मला म्हणूनच फार आवडतो. नालंदा जिल्ह्यातल्या ७० पेक्षा जास्त सरकारी शाळा, २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. काय केलं, तर शाळेचं वातावरणच बदलायचं: मनातलं लिहून टाकायची पेटी, भित्तिपत्रक, परिपाठाला एखादा विषय, मुलांचे गट, शिक्षेबद्दल आणि छळाबद्दल शाळेचं ठरलेलं धोरण, आणि ज्याला गरज आहे त्याच्याशी एकट्याने बसून बोलणं. काही शाळांत हे काम करायला खास या कामासाठी नेमलेलं, थोडं ट्रेनिंग दिलेलं माणूस होतं, मोठी डिग्री नसलेलं. तिथे आठ महिन्यांत शाळेचं वातावरण सुधारलं, डिप्रेशनची लक्षणं, छळ, मारामारी कमी झाली. काही शाळांत हेच काम शिक्षकांकडे दिलं, आहे त्या कामावर आणखी एक. तिथे काहीच फरक दिसला नाही.

शिक्षिका म्हणून मला हे वाचून वाईट वाटायला हवं होतं, पण पटलं. मेसेजमध्ये नसलेला पण शिक्षकांच्या ग्रुपवर हमखास येणारा मुद्दा हाच आहे, आम्ही आणखी किती करायचं. बरोबर आहे तो. साठ पोरांचा वर्ग, पेपर तपासणी, माहितीचे तक्ते, सर्वेक्षणं, आणि वर ‘प्रत्येकाच्या मनाकडे लक्ष द्या’ असं परिपत्रक, हे कुणालाच जमणार नाही. यासाठी वेगळं माणूस लागतं, वेगळा वेळ लागतो, तो शाळेच्या वेळापत्रकात आणि पगारपत्रकात दिसायला हवा.

‘अभ्यासाचा वेळ जातो’ याचं उत्तर छोटं आहे. २०११ मध्ये जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांनी २१३ शालेय कार्यक्रमांचे निकाल एकत्र केले, २,७०,०३४ मुलं. भावना ओळखणं, राग आवरणं, दुसऱ्याचं समजून घेणं, असं शिकवलेली मुलं अभ्यासात मागे पडली नाहीत, पुढे गेली, सरासरी मूल शंभरात ५० व्या जागी होतं असं धरलं तर ते ११ जागा वर सरकलं. घाबरलेल्या पोराच्या डोक्यात गणित शिरत नाही हे कुठल्याही शिक्षकाला ठाऊक आहे, फळ्याकडे बघतंय पण लक्ष मागच्या बाकावरून काय येणार तिकडे.

राहिलं ‘हे आईबापांचं काम’. आहेच. पण पोर जागेपणीचा निम्मा दिवस शाळेत असतं आणि तिथे आईबाप नसतात, कोण एकटं बसतं हे त्यांना दिसणार कुठून? आणि बारा-चौदाव्या वर्षी पोरं घरी सगळं सांगत नाहीत, ते त्या वयाचं लक्षणच आहे, आईवडिलांना त्रास नको म्हणून लपवणारीही खूप असतात. आणि काही पोरांसाठी घर हीच त्रासाची जागा असते, हे लिहिताना हात जड होतो पण खरं आहे, त्या पोरांना ‘घरी सांग’ म्हणणं म्हणजे दार लावून घेणं.

तर पालकसभेत जाणार असाल तर ‘हे बंद करा’ म्हणण्याआधी थोडं विचारून या. माझ्या मुलाला काही झालं तर त्याने नेमकं कुणाकडे जायचं, नाव सांगा. तक्रार आल्यावर पुढच्या दोन दिवसांत काय होतं. मधल्या सुट्टीत मैदानावर आणि टॉयलेटच्या बाजूला कोण असतं. काउन्सेलर असेल तर आठवड्यातून किती दिवस येतात, किती मुलांमागे एक, आणि त्यांच्याकडे जायचं असेल तर पोराला भरवर्गात उभं राहून परवानगी मागावी लागते का. लागत असेल तर ते आधी बदलायला सांगा, कारण तसं उठून कुणीच जात नाही.